बाईंचं वजन

बाई, शोकसभेत सगळेच तुमच्याबद्दल फार गोड बोलले. कुणी तुम्हाला शांत म्हणालं, कुणी सोशिक. एका माजी मुख्याध्यापकांनी 'मितभाषी' असा शब्द वापरला, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या नसरीननं ओढणीत तोंड लपवलं. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. "रेखा, ये कौनसी बाई की बातां कर रहे?" असं तिनं हळूच विचारलं आणि मग मलाही आवरेना. मागच्या रांगेतल्या एका सद्गृहस्थांना वाटलं, आम्हा दोघींना फारच दुःख झालंय. त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली.

दुःख झालंय, ते खोटं नाही. पण तुमच्याविषयी मला जे बोलायचंय ते माईकसमोर बोलण्यासारखं नव्हतं. तुमचं गाव कोणतं, नोकरी किती झाली, पुरस्कार कोणते मिळाले, ते सगळं त्यांनी वाचून दाखवलं. मला बोलायचंय ते वजनाबद्दल. आपली ओळख वजनावरून झाली, आपलं जन्माचं भांडण वजनावरून झालं आणि शेवटी जे दिवस आपल्याला जास्तीचे मिळाले, तेही वजनामुळंच.

तुम्ही आमच्या कन्याशाळेत खेळाच्या बाई. कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला आणि आवाज असा की मैदानापलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक दाबायचा. कबड्डीच्या स्पर्धेला तेव्हा वजनाची अट असायची. शाळेत काटा नव्हता. म्हणून तुम्ही आम्हाला रांगेत चालवत जुन्या मोंढ्यात न्यायच्या आणि एका आडत दुकानात ज्वारीची पोती मोजायच्या काट्यावर एकेकीला उभं करायच्या. हमाल काम सोडून बघत राहायचे. तुम्ही त्यांच्यावर डाफरायच्या, "काय बघता? पोतं नाय बघितलं का कधी?" आणि आम्ही, तुमची पोती, लाजेनं मान खाली घालून मोजून घ्यायचो.

मंदा काटकुळी होती, तिला कसली भीती नव्हती. नसरीन नेहमी अगदी काठावर. मी मात्र दरवेळी काठाच्या बाहेर. मोठ्या हाडाची, शेतातली पोर. काट्याचा दांडा माझ्या बाजूला कलला की तुमच्या कपाळाला आठी पडायची आणि दुसऱ्या दिवसापासून माझी भाकरी बंद.

त्या वर्षीची फायनल आठवते ना? आठवत असणारच, तुम्ही कुठंही असा. उन्हाळ्याचे दिवस. मी मूठभरच जास्त भरले होते. तुम्ही मला वडलांचा लोकरीचा स्वेटर घालायला लावून भर दुपारी मैदानाला चकरा मारायला लावल्या. रात्री जेवण नाही, सकाळी नुसती लिंबाची फोड. मी वजनात बसले. संध्याकाळी फायनलला शेवटची चढाई माझी होती. एका गड्याला हात लावला, वळले आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. मध्यरेषा मला दिसत होती, पण पाय उचलेना. रेषेच्या अलीकडंच पडले. आपण हरलो. मंदानं मला पाठुंगळी मारून बाहेर आणलं.

आणि तरीही त्याच स्पर्धेतले आधीचे सामने बघून निवड समितीनं मला राज्याच्या संघात घेतलं. त्या उन्हाळ्यात वडलांनी माझी सोयरीक ठरवत आणली होती. संघात नाव आलं म्हणून ते म्हणाले, "जाऊ द्या, एक साल थांबू." त्या एका सालातून पुढं खेळाडूंच्या कोट्यातली सरकारी नोकरी आली, माझ्या मनानं केलेलं लग्न आलं, सगळंच आलं.

तेव्हापासून दर संक्रांतीला आम्ही तिळगूळ घ्यायला तुमच्या घरी जमायचो आणि तिळगूळ तोंडात असतानाच आपलं भांडण सुरू व्हायचं.

"जेवू दिलं असतं तर जिंकलो असतो, बाई."

"जेवली असतीस तर बाकावर बसली असतीस. वजनात बसलीस म्हणून खेळलीस, खेळलीस म्हणून दिसलीस."

"मी मेले असते."

"मेली का? नाय ना? मग तिळगूळ खा."

तुमच्या वहिनी, कुसुमवहिनी, आतून ओरडायच्या, "अहो, सणाच्या दिवशी तरी गोड बोला!" तुमच्या धाकट्या भावाच्या माघारी त्या आणि तुम्ही, दोघीच त्या घरात. त्यांना आपली सगळी भांडणं पाठ झाली होती.

तुमचा आजार मी पहिल्यांदा पाहिला तो नसरीनच्या लेकीच्या लग्नात. छावणी भागातला तो मंडप, तुमच्यासाठी वेगळा शाकाहारी कोपरा आणि वाटीभर तुपातल्या पावाचा डबल का मीठा, तुमचा जीव की प्राण. तुम्ही चमचा नुसताच वाटीत फिरवत होतात. एक लहानसा घास, त्यावर पाण्याचा घोट, मग छातीवर हात ठेवून वाट बघायची, मग दुसरा घास. आणि तुमच्या ब्लाउजच्या बाहीला सेफ्टी पिन लावलेली होती, दंडाजवळ, दोन्हीकडं.

मी विचारलं, "बाई, केवढ्या वाळलात?"

तुम्ही चक्क खूश झालात. "बघ, या वयात वजन कसं आटोक्यात ठेवलंय. नाहीतर तुम्ही! एकेकीचं काय झालंय, मोंढ्यातला काटा मोडेल."

आयुष्यभर वजन उतरलं की शाबासकी देणाऱ्या बाई तुम्ही. तुमचं स्वतःचं वजन काहीही न करता उतरत होतं आणि तुम्ही स्वतःला शाबासकी देत होतात. मी आणि नसरीननं तुम्हाला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. दुर्बिणीची तपासणी झाली. अन्ननलिकेत गाठ होती, कॅन्सरची.

डॉक्टर तरुण होते आणि सरळ बोलणारे. "आजी, इलाज आहे. केमो, लाईट म्हणजे रेडिएशन, मग जमलं तर ऑपरेशन," ते म्हणाले. त्यांनी 'आजी' म्हटल्यावर तुम्ही त्यांच्याकडं जसं बघितलंत, तसं तुम्ही चुकीची शिट्टी वाजवणाऱ्या पंचाकडं बघायच्या. मग ते पुढं म्हणाले, "पण आत्ता सुरू केला तर गाठीच्या आधी तुम्हीच थकाल. अंगात काही राहिलेलंच नाही. इलाज अर्ध्यात सोडायची पाळी येते ती बहुतेक अशानंच. आधी वजन थोडं वर आणू."

घरी आल्यावर म्हणालात, "वजन उतरवायचं असतं तर मी आठवड्यात करून दाखवलं असतं. चढवायचं कसं ते मला येत नाय."

आणि चढवायचं दूरच, दुसऱ्या दिवसापासून तुम्ही उलटंच सुरू केलंत. कुसुमवहिनींना त्यांच्या भिशीतल्या कुणीतरी सांगितलं होतं, गाठीला दूध, साखर, कडधान्यं आवडतात. तिला उपाशी ठेवलं की ती सुकते. वहिनींनी मोठ्या मायेनं घरातली साखर शेजारी देऊन टाकली आणि पहाटे उठून कारल्याचा रस काढायला लागल्या. तुम्हाला तर ते लगेच पटलं. उपाशी ठेवून जिंकायचं, ही तर तुमचीच विद्या. मी आले तेव्हा तुम्ही खाटेवर बसून कारल्याचा हिरवागार रस पीत होतात आणि चेहऱ्यावर असा तोरा, जसा काही समोरचा संघ बादच झालाय.

"बाई, डॉक्टरनी खायला सांगितलंय."

"डॉक्टर कबड्डी खेळलाय का?"

मी तुम्हाला दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीकडं घेऊन गेले. स्नेहल तिचं नाव. चष्मा, बारीक वेणी, आवाज मऊ. तुम्ही तिला पहिल्याच नजरेत बाद करून टाकलंत. तिनं तुमच्या दंडाला टेप गुंडाळली तेव्हा विचारलंत, "शिवणकाम बी करते का?" ती हसली. मग तिनं एक मुठीत धरायचं यंत्र तुमच्या हातात दिलं. "बाई, जितकं जोरात दाबता येईल तितकं दाबा."

तुमची पकड! घोट्याला धरलं की समोरची पोरगी जागच्या जागी कोसळायची. सराव करताना तुम्ही आमचं मनगट धरायच्या आणि सोडवून दाखव म्हणायच्या. आमच्यातल्या एकीलाही ते कधी जमलं नाही. तुम्ही यंत्र हातात घेतलंत, बाही सारखी केलीत, दात आवळलेत आणि दाबलंत. काटा जरासा हलला आणि परत खाली आला. तुम्ही पुन्हा दाबलंत. मग हात बदलून दाबलंत. मग ते यंत्र उलटसुलट करून बघितलंत, बिघडलंय का म्हणून.

स्नेहलनं ते माझ्या हातात दिलं. मी दाबलं. ते बिघडलेलं नव्हतं.

मी तुम्हाला कधी तसं बसलेलं पाहिलं नव्हतं, बाई. स्वतःच्या तळहाताकडं बघत.

स्नेहल खुर्ची ओढून तुमच्यासमोर बसली. "बाई, गाठ उपाशी राहत नाही," ती म्हणाली. "तुम्ही खा नाहीतर नका खाऊ, ती तिचं काढून घेते. तुम्ही दिलं नाही तर तुमच्या दंडातलं घेते, मांडीतलं घेते. तुमची पकड तिनंच खाल्लीय. तुम्ही तिला नाही, स्वतःलाच उपाशी ठेवताय."

"मग खाल्लं की मी बरी होते का?"

"नुसतं खाऊन नाही. गाठीला औषधच मारणार. पण औषध झेपायला अंगात बळ लागतं. ते बळ असलं तर इलाज पुरा होतो, आणि पुरा झाला तर पुढचं आयुष्य मिळायची आशा वाढते. एवढंच मी सांगू शकते."

मग पदर कमरेला खोचलात. मला ते बघून हसू आलं. "सांग," तुम्ही म्हणालात. "किती चढवायचं आणि कधीपर्यंत?"

घास तर उतरत नव्हता, म्हणून नाकातून नळी घालायची ठरली. नळी म्हटल्यावर कुसुमवहिनी रडायला लागल्या. तुम्ही आरशात बघून म्हणालात, "म्हशीला वेसण घालतात तशी दिसतेय." आणि तो विषय संपला. स्नेहलनं वहिनींना समजावून सांगितलं. एकदम भरपूर नाही द्यायचं, उपाशी राहिलेल्या शरीराला हळूहळू सवय लावायची. उशाशी उंच करून बसवायचं. आणि एक गोष्ट तिनं इतक्या वेळा सांगितली की आमच्या घरातही ती म्हण झाली: वरणाचं पाणी म्हणजे वरण नव्हे. वहिनी बिचाऱ्या मोठ्या प्रेमानं वरणाचं वरचं पाणी, भाताची पेज, नारळाचं पाणी देणार होत्या. स्नेहल म्हणाली, "हे सगळं पाणीच आहे काकू, वेगवेगळ्या रंगाचं." मग दूध आलं, दुधाची पावडर, डाळ शिजवून वाटून गाळलेली, तूप, दवाखान्यातून दिलेला डबा.

आणि अंडं. तिथं गाडी अडली. आम्हाला सकाळी अंडं खा म्हणून ओरडणाऱ्या तुम्ही, स्वतः कधी अंड्याला हात लावला नव्हता. गळ्यात तुळशीची माळ. स्नेहल म्हणाली, नको तर नको, दुसरं काही बघू. पण तुम्ही विचारात पडलात. मग मंदाला विचारलंत. मंदा पैठणहून एसटीनं यायची, दर आठवड्याला, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणि घरचं तूप घेऊन. तुमच्यासारखीच माळकरी.

"मंदे, अंडं चालंल का गं? खरं सांग."

मंदानं गंभीरपणे विचार केला. "बाई, तोंडातून कुठं जायलंय? नाकातून जायलंय. चव बी कळंना. देवाला कसं कळंल?"

"व्हय," तुम्ही म्हणालात, "तुझं डोकं पहिल्यापासून चांगलंय. पळायला तेवढी कमी पडायचीस."

त्या दिवसापासून उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग बारीक वाटून, गाळून तुमच्या नळीतून जायला लागला. तेवढा वेळ तुम्ही डोळे मिटून विठ्ठलाचं नाव घ्यायच्या. तो एक हिशेब तुमचा आणि त्याचा, आम्ही त्यात पडलो नाही.

आम्ही तिघींनी पाळ्या लावल्या. मी ऑफिस सुटल्यावर, नसरीन दुपारी शिलाईचं दुकान धाकट्या मुलीवर सोडून, मंदा आठवड्याला. तुम्ही आमच्यावर खेकसायच्या, नळी सरळ धरली नाही म्हणून, दूध गरम आहे म्हणून, नसरीनला तर तिच्या वाढलेल्या पोटावरून. ती म्हणायची, "बाई, आप का वजन बढने दो, मेरा मैं देख लेती." त्या दिवसांत आम्ही जेवढ्या हसलो तेवढ्या शाळेतही हसलो नव्हतो. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, कॅन्सरच्या घरात एवढं हसतात?

मग तो वजनाचा दिवस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या दिवशी काट्यावर समाधानकारक दिसलं तर केमो सुरू करू. सकाळपासून तुम्ही बेचैन. आमच्या स्पर्धेच्या दिवशी असायच्या तशा. तुम्ही तुमची जुनी ट्रॅकपँट काढायला लावलीत. साडीत वजन नीट कळत नाही म्हणे. आम्ही तिघी आणि वहिनी, सगळी वरात दवाखान्यात.

तुम्ही काट्यावर चढलात. आकडा आला. स्नेहलनं आकड्याकडं बघितलं, मग तुमच्याकडं बघितलं. "बाई, छान आहे. फारच छान आहे. जरा खाली उतरता का? खिसे रिकामे करा."

"खिशात काय असणार?"

"बघू या ना."

तुम्ही छताकडं बघायला लागलात. नसरीननं पुढं होऊन तुमच्या ट्रॅकपँटच्या खिशात हात घातला. एका खिशातून निघालं तुमच्या फाटकाचं मोठं पितळी कुलूप, किल्लीसकट. दुसऱ्यातून निघाला खलबत्त्याचा बत्ता.

मग वहिनी म्हणाल्या, "अगंबाई! मी सकाळपास्नं बत्ता शोधतेय!" आणि मंदा भिंतीला टेकून खालीच बसली, हसून हसून. स्नेहलनं चष्मा काढून डोळे पुसले. बाहेरच्या बाकावरचे रोगी दारातून डोकावून बघायला लागले. तुम्ही मात्र ताठ उभ्या. "हसता काय?" तुम्ही म्हणालात. "वजनाच्या वेळी चोरी कशी करायची ते मीच शिकवलं या पोरींना. केस ओले ठेवू नका, बांगड्या काढा, थुंका. फक्त तेव्हा काढायचं होतं, आता घालायचंय."

कुलूप आणि बत्ता सोडूनही तुमचं वजन वाढलेलं होतं. थोडंच, पण वाढलेलं. आणि मुठीतल्या यंत्राचा काटा पहिल्या दिवसापेक्षा वर गेला. डॉक्टरांनी केमो सुरू केला.

त्या महिन्यांबद्दल मी जास्त बोलणार नाही. तुम्हीही बोलायच्या नाहीत. लाईट घेतल्यानंतर घशाची आग व्हायची, ओकाऱ्या यायच्या, केस गेले. एकदा तुम्ही नळी उपटून टाकलीत आणि नंतर स्वतःच म्हणालात, "घाला परत." पण इलाज अर्ध्यात सुटला नाही. डॉक्टरांना त्याचंच अप्रूप होतं. पुढं ऑपरेशन झालं, तेही सोसलंत. सुरुवातीला जे डॉक्टर महिन्यांची भाषा बोलत होते, ते वर्षांची बोलायला लागले आणि मग काहीच बोलेनासे झाले, नुसतं "सहा महिन्यांनी या" म्हणायचे. स्नेहल म्हणायची, हे खाण्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही, गाठ वेळेत सापडली, डॉक्टर चांगले, नशीब चांगलं. पण त्यातलं काही बाईंनी स्वतः कमावलंय.

ती वर्षं म्हणजे तुमचं दुसरं आयुष्य. दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, हा तुमचा नवा नियम. पर्समध्ये राजगिऱ्याची वडी. आणि तुम्ही परत मैदानावर जायला लागलात. शाळेनं बोलावलं नव्हतं, तरी. संध्याकाळी खुर्ची टाकून बसायच्या. पण आता पोरी आल्या की तुमचा पहिला प्रश्न वजनाचा नसायचा. "सकाळी काय खाल्लं?" चहा-टोस्ट असं उत्तर आलं की संपलं. मंदाकडून शेंगदाण्याची पोती यायला लागली. गूळ-शेंगदाणे खाल्ल्याशिवाय सराव नाही. एका पोरीचे वडील शेंद्र्याच्या कारखान्यात रात्रपाळी करायचे, आई नव्हती. ती सकाळी शाळेला उपाशीच यायची. तिचा डबा कुसुमवहिनी करायला लागल्या, आणि तो करताना म्हणायच्या, "वरणाचं पाणी नाय हं, वरण आहे."

एकदा जिल्ह्याच्या निवडीच्या वेळी मी तुमच्याजवळ उभी होते. एक पोरगी काट्यावर थोडी जास्त भरली. तिच्या शाळेची बाई म्हणाली, दोन दिवस आहेत, उतरवते मी. तुम्ही खुर्चीतून उठलात. "काय उतरवते? वाढत्या अंगाची पोर आहे, कपडा नाय पिळून आटवायला. वरच्या गटात खेळव."

मी तुमच्याकडं बघितलं. बघतच राहिले. तुम्ही माझी नजर टाळलीत. मग म्हणालात, "काय बघतेस? तुझ्या वेळी वरचा गट कुठं होता?"

बाई, होता की नव्हता, हे मला आजही नक्की माहीत नाही. मी कधी कुणाला विचारलं नाही. भीती वाटायची, उत्तर मिळालं तर आपलं भांडण संपेल.

मग आजार परत आला. यावेळी तो दुसरीकडं पसरला होता आणि डॉक्टरांचा आवाज ऐकूनच तुम्हाला कळलं. यावेळी वहिनी पेटून उठल्या. पहिल्यांदा खाण्यानं जिंकलो, तर आताही खाण्यानंच जिंकू. चमचा घेऊन सारख्या तुमच्या मागं. तुम्ही तोंड फिरवायच्या, त्या रडायच्या, तुम्ही चिडायच्या. शेवटी स्नेहल घरी आली. वहिनींचा हात धरून म्हणाली, "काकू, आता वजन बघायचं नाही. आता शरीरालाच नको आहे, बळजबरीनं त्यांना त्रासच होईल. जे आवडतं ते, जेवढं आवडेल तेवढं. नको म्हणाल्या तर नको."

"आधी तूच म्हणलीस खाऊ घाला. आता म्हणतीस नको घालू."

"तेव्हा बाईंना लढायचं होतं काकू. आता त्यांना आराम पाहिजे."

तुम्ही पडल्या पडल्या ऐकत होतात. "कुसुम," तुम्ही म्हणालात, "तो काटा माळ्यावर टाक. आता मी खुल्या गटात."

सीताफळांचे दिवस होते. मंदानं आणलेलं एक पिकलेलं सीताफळ वहिनींनी फोडलं, बिया काढून गर तुमच्या जिभेवर ठेवला. तुम्ही तो गिळला नाहीत, नुसता घोळवलात आणि डोळे मिटलेत. इतक्या समाधानानं तुम्हाला काही खाताना मी बघितलं नव्हतं. तुम्ही आयुष्यभर सगळं घाईत खायच्या, शिट्टी गळ्यात ठेवून.

त्याच दुपारी तुम्ही मला हाक मारलीत. आवाज बारीक झाला होता. "रेखे, ती शेवटची चढाई."

"बाई, आता कशाला?"

"तू डावीकडून वळलीस. उजवीकडून वळायला पाहिजे होतं. रेषा जवळ होती."

"बाई, मला दिसतच नव्हतं. अंधारी आली होती."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मला वाटलं, आता नेहमीचं उत्तर येणार, वजनात बसलीस म्हणून खेळलीस. मी त्याची वाटच बघत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत. पकडीत काही बळ नव्हतं, पण मी सोडवून घेतलं नाही. मग तुम्ही विचारलंत, "आज जेवलीस का?"

मी सकाळपासून ऑफिस आणि तुमच्या औषधांसाठी दवाखाना करत होते. "नाही," म्हणाले.

"कुसुम, हिला वाढ. इथं वाढ, माझ्यापुढं."

वहिनींनी ताट आणलं. भाकरी, मेथीची भाजी, वरण. मी तुमच्या खाटेशेजारी मांडी घालून बसले. तुम्ही कुशीवर वळून माझा एकेक घास बघत होतात. एक भाकरी संपली तेव्हा मी हात धुवायला उठणार, तर तुम्ही बोटानं खूण केलीत, अजून एक. मी म्हणाले, "बाई, पोट भरलं." तुम्ही पुन्हा तीच खूण केलीत. मी दुसरी घेतली. तीही संपली तेव्हा तुम्ही मान हलवलीत आणि झोपलात.

तुम्ही चूक कबूल केलीत का, बाई? मी हे नसरीनला विचारलं, मंदालाही विचारलं. नसरीन म्हणते, हां, बिलकुल केली. मंदा म्हणते, नाय, बाई तशा नव्हत्या, त्यांना नुसतं तुला जेवू घालायचं होतं. मला दोन्ही पटतं. मीही तुम्हाला कधी आभार म्हटलं नाही, कारण आभार म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, म्हणजे मीच बरोबर होते. आता म्हणते. तुम्ही मला उपाशी पळवलंत, ते चुकीचंच होतं. आणि त्या पळण्यातून मला माझं आयुष्य मिळालं, तेही खरं. यातलं एक खोडून दुसरं ठेवायला मला जमत नाही. तुम्हालाही जमलं नसावं.

तुम्हाला पोचवून आम्ही घरी आलो त्या दिवशी शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली होती, रीतीप्रमाणं. पानं मांडली, पण कुणाचा हात पुढं होईना. मैदानावरच्या पोरी दाराशी घोळका करून उभ्या होत्या, घाबरलेल्या, त्यांना आत यावं की नाही ते कळत नव्हतं. वहिनींनी त्यांना आत बोलावलं, भिंतीकडेनं बसवलं. नसरीननं भाकरी मोडून प्रत्येकीपुढं ठेवली. मंदा पिठलं वाढत गेली. सगळ्यात लहान पोरीनं विचारलं, "खायचं का?"

"खा," वहिनी म्हणाल्या, "पोटभर."

मग सगळ्याच जेवायला लागल्या. मला त्या दिवशी खरंच फार भूक लागली होती, बाई. मीही जेवले.